पाहणे आणि पाहुणा

राजधानी ही मुळातच पाहिली जाण्यासाठी उभी केलेली वस्तू असते. गाव वसते, पेठ भरते, बंदर वाढते. राजधानी मात्र मांडली जाते. तिच्या वेशी, तिचे रुंद रस्ते, तिची सभागृहे यांच्या मागे पाहणाऱ्याचा विचार आधीपासून असतो, आणि हा पाहणारा बहुधा बाहेरून येणारा असतो. त्यामुळे राजधानी पाहावयास जाणारा पर्यटक एका परीने राजधानीचेच काम करीत असतो. त्याने थक्क व्हावे अशी योजना असते आणि तो थक्क होतो. या देवघेवीत नैतिक असे काय आहे, असा प्रश्न सहज विचारता येईल. तिकीट काढले, भाडे भरले, पाहिले आणि परतलो. यात कुणाचे काय बिघडले? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. पाहण्याने पाहणाऱ्यावर काही दायित्व येते काय, आणि येत असेल तर ते कुणापाशी फेडावयाचे?

आपल्या परंपरेत प्रवाशाला प्रयोजन असे. तीर्थयात्रेला निघणाऱ्याला पुण्य हवे असे, व्यापाऱ्याला नफा, विद्यार्थ्याला गुरू. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या सुमारास उत्तरेची वाट धरली ती द्रव्यार्जनाच्या आशेने. वाटेत त्यांना बंडाचा आगडोंब दिसला, आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'मुळे तो आपल्यालाही दिसला. हा भिक्षुक देश पाहण्यासाठी निघालेला नव्हता, हे त्या पुस्तकाच्या मोलाचे एक कारण आहे असे मला वाटते. ज्याला गरज असते त्याला दार ठोठवावे लागते, आणि दार ठोठवणाऱ्याला नकार मिळू शकतो. पर्यटकाने ही नकाराची शक्यता पैशाने विकत घेऊन संपवलेली असते. त्याचे दार आधीच आरक्षित असते.

मराठीत 'पाहणे' आणि 'पाहुणा' हे शब्द कानाला सख्खे वाटतात. व्युत्पत्ती तसे म्हणू देत नाही. 'पाहुणा' हा 'प्राघुण' या संस्कृत शब्दाचा वंशज आहे. तरीही कानाने जुळवलेले हे नाते विचाराला उपयोगी पडते. पाहणारा पाहुणा होतो तो केव्हा? मनुस्मृतीने अतिथीची व्याख्या करताना काळाची मर्यादा घातली आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथी, कारण त्याचे राहणे नित्याचे नसते. म्हणजे आदराचा अधिकार त्याच्या निघून जाण्यावर अवलंबून आहे. इमान्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेविषयीच्या आपल्या निबंधात वेगळ्या वाटेने असाच विचार मांडला. आयुष्यभरात क्योनिग्सबर्गच्या आसपासचा मुलूख सोडून फारसा कुठे न गेलेल्या या तत्त्वज्ञाने परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या माणसाचा अधिकार तपासावा, यातली गंमत क्षणभर बाजूला ठेवू. त्याच्या मते परक्याला भेटीचा अधिकार आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वांचा सामाईक असल्यामुळे त्याला शत्रू समजून हाकलता येत नाही. पण यजमानाच्या घरात राहण्याचा अधिकार मात्र त्याला आपोआप मिळत नाही. आणि लगोलग त्याने आपल्या काळातील युरोपीय सत्तांना खडसावले आहे: हे लोक दूरच्या देशांना भेट द्यायला जातात, परंतु त्यांच्या लेखी भेट देणे आणि जिंकणे यांत भेद उरलेला नाही. कांटचा हा शेरा साम्राज्यांविषयी होता. तो पर्यटकाला लावणे म्हणजे मुंगीवर तोफ डागणे, असे कुणी म्हणेल. पण जिंकण्याचा एक प्रकार नजरेचाही असतो, आणि त्यासाठी सैन्य लागत नाही.

मराठी पर्यटक बेंगळूरुला जातो तेव्हा हा प्रकार विशेष स्पष्टपणे पाहता येतो. ठरलेली स्थळे ठरलेल्या क्रमाने होतात. विधानसौध, समोर ब्रिटिश अमदानीतली अठरा कचेऱ्यांची तांबडी इमारत, जिथे आज उच्च न्यायालय आहे, कब्बन पार्क, हैदर अलीने १७६० च्या सुमारास लावावयास घेतलेला लालबाग आणि त्यातले १८८९ चे काचघर, टिपूचा लाकडी महाल. विधानसौधाची पायाभरणी १९५१ साली झाली आणि १९५६ साली ती वास्तू पुरी झाली. केंगल हनुमंतय्यांनी दगडातून जे बोलून घेतले ते स्वतंत्र झालेल्या माणसाचे बोलणे आहे. त्यात थोडा आवाज चढलेला असला तर तो समजून घेता येतो. दर्शनी भागावर सरकारी काम हे देवाचे काम असल्याचे वचन कोरलेले आहे. पर्यटक ते वाचून हसतो आणि छायाचित्र घेतो. इथपर्यंत राजधानीने मांडलेले त्याने पाहिले, एवढेच झाले. या पाहण्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही.

खरी गुंतागुंत पुढे सुरू होते. मराठी पर्यटक या शहरात आणखी काहीतरी शोधत असतो, आणि ते मार्गदर्शिकेत नसते. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजे येथे राहिले, येथून त्यांनी कर्नाटकातला कारभार पाहिला, येथे त्यांचा दरबार भरला. बाल शिवाजी जिजाबाईंसह काही काळ येथे होता. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत शहाजीराजांचा मृत्यू झाला. आज दावणगेरे जिल्ह्यात असलेल्या त्या गावी त्यांची समाधी आहे. पुढे व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांच्याकडे बेंगळूरु आले आणि ते १६७५ च्या सुमारास तंजावरला गेले. हे सारे आपल्या शालेय इतिहासात दोन ओळींत आटोपते. पण त्या दोन ओळी मनात घट्ट बसलेल्या असतात. म्हणून मराठी माणूस चिक्कपेटच्या गर्दीत उभा राहून विचारतो, शहाजीराजांचा वाडा कुठे होता? आणि विचारताना त्याचा स्वर नकळत बदलतो. विधानसौधापुढे तो पाहुणा होता. येथे तो वारस होतो. 'हे मूळचे आपलेच' हे वाक्य त्याच्या ओठांवर येते.

'आपले' या सर्वनामाचा हा वापर तपासून घेण्याजोगा आहे. त्यात खोटे काही नाही, शहाजीराजे होतेच. पण 'होते' आणि 'आपले' यांच्यामध्ये एक उडी आहे, ती इतिहासाने मारलेली नसून आपण मारलेली असते. मालकीचाच हिशेब करावयाचा तर तो पुरता करावा लागेल. १६८७ साली मोगलांच्या कासीमखानाने बेंगळूरु घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयराला ते तीन लाख रुपयांना दिले. म्हणजे ज्या शहरावर आपण भावनेने हक्क सांगतो त्याचा व्यवहार तीनशे वर्षांपूर्वीच रोखीने पुरा झालेला आहे. शिवाय शहाजीराजांच्या आधी शतकभर, १५३७ साली, केंपेगौडाने तेथे मातीचा कोट घालून पेठ वसवली होती. आणि त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास, बेगूरच्या वीरगळावर बेंगळूरुच्या लढाईचा उल्लेख कोरला गेला होता. प्रत्येक थराखाली आणखी एक थर सापडतो. आपल्या थराशी येऊन खणणे थांबवावे, हा मोह मराठी पर्यटकाला पडतो. तो त्याला एकट्यालाच पडतो असेही नाही.

हीच दृष्टी उलट फिरवून पाहावी. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातले. अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात नवव्या शतकात सिद्ध झालेल्या 'कविराजमार्ग' या कन्नडमधील आद्य उपलब्ध ग्रंथात कन्नड भूमीचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात कन्नड शिलालेख जागोजागी मिळतात. धारवाडचा एखादा प्राध्यापक वेरूळच्या अंगणात उभा राहून 'हे मूळचे आमचेच' म्हणाला, तर आपल्याला ते कसे वाटेल? बहुधा आपण हसू, किंवा चिडू; आणि मनातल्या मनात पुरावे जुळवू लागू. ज्ञानदेवांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे. जुन्या मराठीत त्या शब्दाला 'कर्नाटकातला' आणि 'न कळणारा' अशा दोन्ही छटा आहेत, हे अभ्यासकांनी पुष्कळदा सांगितले आहे. ते सांगताना दोन्ही अर्थ एका शब्दात का नांदले याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. शेजाऱ्याची भाषा आपल्याला कळत नाही, म्हणून ती न कळण्याचेच नाव होते. मराठी माणसाने त्याच न कळणाऱ्याला आपले आराध्य केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अक्का, अण्णा, तूप हे शब्द आपण बोलतो तेव्हाही आपल्या तोंडी तोच शेजारी असतो.

हा विचार ग्रंथांपुरता राहत नाही, याची साक्ष अलीकडच्या वर्षांनी दिली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरुत शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावर शाई फेकली गेली, आणि त्याच दिवसांत बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. एक राजा मोगल व आदिलशाही सत्तांशी झुंजला, दुसरा वीर कित्तूरच्या राणी चन्नम्मासाठी इंग्रजांशी लढून फासावर गेला. परस्परांविरुद्ध ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांना समोरासमोर उभे करण्याचे काम आपल्या काळाने केले. बेळगावात २०१२ साली सुवर्णविधानसौध उघडले तेव्हा राजधानीचे वास्तुरूप सीमेवर नेऊन ठेवण्यात आले. त्यामागचा अर्थ सीमाभागातल्या मराठी माणसाने ओळखला, तसाच तो ओळखला जावा अशी अपेक्षाही होती. सीमाप्रश्नाचा न्यायनिवाडा करण्याची ही जागा नाही. त्या प्रश्नाने मराठी पर्यटकाच्या नजरेत आधीच काही भरून ठेवलेले असते, आणि बेंगळूरु स्थानकावर उतरताना ते सामानाबरोबर उतरते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

पाट्यांचे उदाहरण यापेक्षा साधे, म्हणून अधिक बोलके आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत असाव्यात हा आग्रह कायद्यात उतरला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी मुदत दिली. महिनाभराने, डिसेंबर २०२३ मध्ये, बेंगळूरुत पाट्यांचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असावा यासाठी आंदोलन झाले. पहिल्या बातमीवर ज्यांनी समाधान व्यक्त केले त्यांपैकी कितीजणांनी दुसऱ्या बातमीवर 'आता बाहेरच्यांनी तिथे जायचे कसे' असे म्हटले, याची मोजदाद कुणी केली नसेल. पण अशी माणसे प्रत्येकाच्या परिचयात निघतील. जी मागणी घरी न्याय्य वाटते ती परगावी अडचण वाटते, कारण घरी आपण यजमान असतो आणि परगावी गिऱ्हाईक. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळूरु शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी होते. ज्या राजधानीत राज्याची भाषा घरी बोलणारेच अल्पसंख्य झाले आहेत, तेथील पाटी ही माहिती देण्याच्या पलीकडचे काहीतरी करीत असते. मुंबईच्या मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगावे लागू नये. तरी ते सांगावे लागते.

साडेतीनशे वर्षांपूर्वी याच शहरात आलेल्या एका मराठी पाहुण्याची हकीकत येथे आठवते. जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या औदार्याची कीर्ती ऐकून बेंगळूरुला आला. राजांपुढे त्याने बारा नारळ ठेवले. बाराच का, असे विचारता, आपण बारा भाषांत कविता करतो म्हणून, असे त्याने सांगितले. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. त्या प्रस्तावनेतला आवेश आज आपल्याला पुष्कळदा पेलत नाही, हे येथे नोंदवून पुढे जातो. जयरामाच्या बारा भाषांत संस्कृत आणि प्राकृत आहे, यावनी आहे, आणि कर्नाटकीही आहे. त्याला कन्नड कितपत येत होते हे ठरवणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. दरबारी कवीच्या प्रौढीत अतिशयोक्तीचा वाटा असतोच. परंतु प्रौढी कशाची मिरवावी यातूनही काळ कळतो. परमुलखातल्या दरबारात शिरताना आपल्या पदरी किती भाषा आहेत हे मोजून दाखवणे, हे त्या माणसाला प्रतिष्ठेचे वाटले. आज आपण तेथे किती स्थळे पाहिली हे मोजतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. चार दिवसांच्या सहलीसाठी कुणी कन्नड शिकावे काय? ही अपेक्षा नैतिकतेच्या नावाखाली केलेला जाच नाही काय? माझे म्हणणे तसे नाही. कन्नड न येणे हा दोष नाही. ते न येणे जाणवू न देण्याची जी व्यवस्था पर्यटनाने उभी केली आहे तिच्याविषयी मला बोलायचे आहे. हॉटेलात इंग्रजी, टॅक्सीत हिंदी, आणि बरोबरच्या मंडळींत मराठी. या तीन भाषांच्या अस्तरातून शहराचा स्पर्शच होत नाही. ज्याने पन्नास वर्षे ग्रंथ वाचण्यात घालवली त्या माणसाला बसच्या कपाळावरचे गावाचे नाव वाचता येऊ नये, हा अनुभव मी बेंगळूरुत घेतला आहे. त्या काही मिनिटांत निरक्षर माणूस शहरात कसा वावरत असेल याची जी कल्पना येते ती साक्षरतेवरच्या व्याख्यानांतून येत नाही. शेजारच्याला विचारावे लागते. तो सांगेपर्यंत थांबावे लागते. त्याने सांगितलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो. पर्यटक ज्याला गैरसोय म्हणतो ती प्रत्यक्षात पाहुणेपणाची पहिली पायरी असते.

आणि मग भाषेइतकेच मूक असे एक देणे आहे, पाण्याचे. बसने बेंगळूरुला येणारा प्रवासी मॅजेस्टिकच्या स्थानकावर उतरतो. तो एका तळ्यात उतरलेला असतो. धर्मांबुधी हे त्या तळ्याचे नाव. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. केंपेगौडाच्या काळापासून नदीवाचून वाढलेल्या या शहराने पावसाचे पाणी तळ्यांच्या साखळीत अडवले होते. राजधानी विस्तारली तशी ती तळी बुजत गेली. आज शहर कावेरीचे पाणी पिते. ते सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, आणि नव्याने वसलेल्या भागांतली माणसे टँकरची वाट पाहत उभी राहिली. त्या दिवसांतही हॉटेलच्या खोलीत पर्यटकाच्या नळाला पाणी असते, कारण त्याने त्याचे पैसे दिलेले असतात. पैसे दिल्यामुळे पाणी त्याचे झाले काय? तीर्थयात्रेकरू ज्या विहिरीचे पाणी पीत असे ती कुणी खोदली हे त्याला ठाऊक असे. पुष्कळदा तेथे बांधणाऱ्याचे नाव असे, आणि तो क्षणभर हात जोडी. नळाला हात जोडावेत असे मी सुचवीत नाही. परंतु कावेरीकाठचा मंड्याचा शेतकरी आणि हॉटेलातला पाहुणा यांच्यामध्ये एक संबंध आहे. तो न दिसणे ही पर्यटनाची सोय आहे, आणि ही सोय निर्दोष आहे असे मला म्हणता येत नाही.

आपल्या माणसांना शोधणारा पर्यटक जुन्या पेठेत गेला, तर त्याला ती भेटतातही. भावसार, नामदेव शिंपी, मराठा अशी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात एक मराठी बोलली जाते, जिच्यात कन्नड इतके मुरलेले असते की आपण पुण्याचे असलो तर थोडे दचकतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा आपला ठरलेला प्रश्न. 'इथलेच' हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्या उत्तराने आपण किंचित खट्टू होतो, कारण आपल्याला सातारा किंवा सोलापूर ऐकायचे असते. त्याच पेठेतल्या धर्मरायाच्या देवळातून चैत्रात रात्री करग निघतो. शहराच्या या सर्वांत अंतरंग उत्सवाचा मान तिगळ समाजाकडे आहे, आणि तो समाजही पूर्वी तमिळ मुलखातून आलेला बागवानांचा. मिरवणूक मस्तान साहेबांच्या दर्ग्याशी थांबते. बुजलेल्या संपंगी तळ्याचा जो लहानसा तुकडा उरला आहे तेथे आजही विधी होतात. तळे गेले तरी त्याच्या काठी थांबणे या लोकांनी सोडलेले नाही. हा उत्सव पर्यटकांसाठी मांडलेला नाही. रस्त्याच्या कडेला, रात्रभर जागून, मागे उभे राहून तो पाहावा लागतो.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराशी एकोजीराजांचे नाव जोडलेले आहे, म्हणून मराठी पर्यटकांपैकी काही चोखंदळ मंडळी तेथे आवर्जून जातात. १६६९ सालच्या शिलालेखात त्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे नमूद आहे. येथील महानाडूने, म्हणजे नगरातील प्रमुखांच्या सभेने, विनंती केली आणि राजांनी ती मान्य केली. सत्ता त्यांच्या हाती होती, घराणे वेरूळचे होते, घरात मराठी बोलली जात होती. लेख कन्नडमध्ये आहे. तो वाचायचा तर आपल्याला कुणा कन्नड मित्राला बरोबर न्यावे लागते, आणि तोही जुन्या वळणापाशी, गावाच्या नावापाशी थोडा अडखळतो, पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागतो.